सिस्टीमगुरुजी

गुरुजी आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारीत. गाव कोणते, आडनाव काय, आणि खेळ कोणता. पहिले दोन प्रश्न त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. तिसरा त्यांनी स्वतः वाढवला होता. तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ते कोणाच्याही संगणकात सिस्टीम टाकीत नसत. कोणी म्हणाले की कामासाठी हवा आहे, तर ते मान हलवीत, चहा सांगत आणि चहा संपत आला की पुन्हा विचारीत, "ते झालं. पण खेळ कोणता?"

पंचवटीत रामकुंडाकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचे घर होते. ते तीर्थोपाध्याय. सकाळी घाटावर यजमानांचे विधी करायचे, अकराला घरी येऊन धोतरावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट चढवायचा आणि ओसरीवर संगणक उघडून बसायचे. ओसरीच्या एका भिंतीशी लाल बासनांत बांधलेल्या नामावळ्या होत्या, म्हणजे नाशिकला येऊन गेलेल्या घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या. समोरच्या भिंतीशी मदरबोर्ड, वायरी आणि छोटे पंखे यांची चळत. आजोबांची सही शोधायला आलेला यजमान आणि मांडीवर सीपीयू घेतलेला कॉलेजचा विद्यार्थी एकाच चटईवर बसलेले मी पाहिले आहेत. सिस्टीमगुरुजी हे नाव अशाच विद्यार्थ्यांनी दिले. गुरुजींनी ते मान्य केले. पाटीवर लिहिले नाही, कारण पाटीच नव्हती.

"लोकांना दानात गाय मिळते, यजमान. मला काँप्युटर मिळाला," असे ते सांगत. पहिल्यांदा ऐकणारा हसे. गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मुंबईचे एक जोडपे आपल्या एकुलत्या एका मुलाचे दिवस करायला आले होते. गेलेल्या माणसाच्या नावाने अंथरूण, छत्री, पादत्राणे असे काही दान देण्याची रीत आहे. वडिलांनी मुलाचा संगणक दिला. त्याला तेवढीच वस्तू प्रिय होती. असे दान नाकारता येत नाही. गुरुजींनी तो घरी आणला आणि महिनाभर धूतवस्त्राखाली झाकून ठेवला. मग एका वायरमनच्या मदतीने सुरू केला. ते डॉसचे दिवस होते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येत आणि काय लिहायचे ते माहीत नसेल तर पुढे काहीच घडत नसे. त्या यंत्रात एक खेळ अर्धा राहिला होता. एका तळघरातून वाट काढत बाहेर यायचे, असा काहीतरी. गुरुजींचे इंग्रजी बेताचे, संगणकाचे ज्ञान शून्य. तरी त्यांनी चार महिने रोज दुपारी बसून तो खेळ शेवटापर्यंत नेला. का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अर्धा राहिला होता. कुणीतरी पुरा करायला नको?"

तेव्हापासून त्यांनी ठरवले की यंत्र ज्याचे असेल त्याचा खेळ आधी; बाकी सगळे त्यानंतर.

प्रत्येक यंत्राची नोंद ते वंशावळीसारखीच करीत. मदरबोर्ड म्हणजे कूळ. त्याखाली प्रोसेसर, चित्रांचे कार्ड, आवाजाचे कार्ड, शेवटी सिस्टीम आणि खेळ. नोंदीखाली मालकाला स्वतःच्या अक्षरात नाव लिहावे लागे. यंत्राचा डबा उघडण्यापूर्वी ते उघड्या पत्र्याला दोन बोटे लावीत. अंगातली वीज उतरवण्यासाठी ते आवश्यक असते, पण त्यांनी ते इतक्या गांभीर्याने करावे की पाहणाऱ्याला आचमनाची आठवण व्हावी. पितृपक्षात घाटावर उसंत नसे म्हणून त्या पंधरवड्यात संगणक बंद. एका विद्यार्थ्याची स्पर्धा नेमकी त्या दिवसांत आली. गुरुजींनी त्याला सांगितले की या दिवसांत लोकांचे बापजादे रांगेत उभे असतात, तुझ्या गाडीच्या शर्यतीला मध्ये घुसवता येणार नाही.

सिस्टीम निवडण्याची त्यांची पद्धत साधी होती. नवी आहे म्हणून ते कोणतीही टाकीत नसत आणि जुनी आहे म्हणून टाळीत नसत. सटाण्याचे एक डाळिंबवाले मोठ्या हौसेने यंत्र घेऊन आले. शेजाऱ्याने एक्सपी नावाची नवी सिस्टीम घेतली होती, म्हणून त्यांनाही तीच हवी होती. "गुरुजी, माले एक्सपीच जोयजे. शेजारना घर ती शे," असा त्यांचा हट्ट. गुरुजींनी विचारले की शेजारी काय खेळतो. ते यांना माहीत नव्हते. हे स्वतः काय खेळतात, तर जुन्या डॉसमधला एक क्रिकेटचा खेळ, जो त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून वाढवला होता. "मग शेजाऱ्याच्या सुनेचं माप घेऊन आपल्या सुनेला बांगड्या भरू नका," गुरुजी म्हणाले. डाळिंबवाले डॉसचे खेळ चालवणारी, अठ्ठ्याण्णव सालची सिस्टीम घेऊन गेले. पुढच्या हंगामात त्यांनी डाळिंबांची पेटी पाठवली. पत्ते खेळणाऱ्यांना मात्र गुरुजी कोणतीही सिस्टीम देत. त्यांच्या मते पत्ते कुठेही चालतात, ओसरीवरही आणि स्मशानाच्या कट्ट्यावरही.

मी त्यांच्याकडे नव्व्याण्णव साली गेलो. ओझरला विमानांच्या कारखान्यात चौतीस वर्षे मापे तपासण्याचे काम करून आदल्या वर्षी निवृत्त झालो होतो. एकोणिसाव्या वर्षी मला वैमानिक व्हायचे होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो. पुढे, इतरांनी चालवायची विमाने मापात आहेत की नाहीत हे पाहण्यात नोकरी गेली. त्याबद्दल तक्रार नाही. पण निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितले की नजर कडांकडून आत आकसत येईल. थेंबांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. किती वर्षे, असे मी विचारले. चार, फार तर सहा, असे ते म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी ठरवले की दिसते आहे तोवर एकदा विमान उतरवायचे. उडवणे नव्हे. विमान कोणीही उडवील, ते उतरवण्यात माणूस कळतो, असे आमच्याकडचे वैमानिक म्हणत. उतरवायचे, आणि ओझरलाच. खरे विमान मला कोणी देणार नव्हते. संगणकावर विमानाचे खेळ असतात, एवढे मी ऐकून होतो.

गुरुजींनी गाव विचारले, आडनाव विचारले आणि खेळ विचारला. मी म्हणालो की खेळ नाही, पत्रव्यवहार. चहा झाला. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने, ज्याला हाताखालचे लोक पाठीमागे 'मायक्रोमीटर' म्हणत, त्याने आणखी काय सांगायचे? त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि कचेऱ्यांत वापरतात ती एनटी नावाची सिस्टीम टाकून दिली.

मी खेळाची सीडी विकत आणली. खेळ सुरू होईना. आठ दिवस मी पुस्तिका वाचून, पुन्हा पुन्हा टाकून पाहिले. नवव्या दिवशी सीडी कागदी पिशवीत घालून पंचवटीत गेलो आणि सांगितले की यंत्रात दोष नाही, माहिती मी चुकीची दिली होती. गुरुजींनी पिशवीत डोकावून पाहिले. ते हसले नाहीत.

"यजमान, श्राद्ध वडिलांचं आणि नाव सांगितलं काकांचं, तर पिंड पोचणार कुणाला?"

मग त्यांनी मला दोन्हींमधला फरक समजावून दिला. एनटी म्हणजे सरकारी कचेरी. खेळाला यंत्रातले काही हवे असेल तर त्याने दारात उभे राहायचे, अर्ज द्यायचा, मिळेल तेव्हा मिळेल. अठ्ठ्याण्णव म्हणजे उघडे घर. खेळ थेट स्वयंपाकघरात जाऊन हवे ते उचलतो. म्हणून तो पळतो, आणि म्हणून कधी कधी सांडलवंडही होते, सगळे घरच बंद पडते. "पत्राला कचेरी बरी. विमानाला उघडं घर लागतं," ते म्हणाले. नंतर त्यांनी विचारले की विमानच का. मी डोळ्यांचे सांगितले. घरी अजून सांगितले नव्हते. बरे होईल, देव आहे, असे काही ते बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. त्यांनी एवढेच विचारले, "उतरायचं कुठं?"

खेळात मुंबई होती, दिल्ली होती, परदेशातली शेकडो विमानतळे होती. ओझर नव्हते. पण त्या खेळात आपली धावपट्टी आपण काढून बसवण्याची सोय होती, आणि ते काम करणारा छोटा प्रोग्रॅम अठ्ठ्याण्णववरच चालत असे. गुरुजींनी तो कुठूनतरी मिळवला. मी धावपट्टीची लांबी, रुंदी, दिव्यांची अंतरे आणि दूरच्या चांदवडच्या डोंगरांची रेघ कागदावर काढून दिली. ते माझ्याकडे दर गुरुवारी दुपारी येऊ लागले. घाटावरून परस्पर येत. कपाळाचे गंध ओले असे. तीन आठवड्यांत ओझर तयार झाले. मी ते न तपासता मान्य केले. आयुष्यात दुसऱ्याच्या कामावर मी मापल्याशिवाय शेरा दिला तो तेवढा एकदाच.

पहिले पंधरा दिवस मी रोज पडलो. सोळाव्या दिवशी खेळातली वेळ संध्याकाळची लावली आणि माझ्या लक्षात आले की सूर्य डाव्या हाताला मावळतो आहे. ओझरला पश्चिमेकडे उतरणाऱ्या विमानाच्या थेट तोंडावर सूर्य येतो. चौतीस वर्षे मी ते पाहिले होते. धावपट्टी पाव वळणाने फिरलेली होती. गुरुवारी मी गुरुजींना दाखवले. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. यज्ञाचे मंडल असो की वास्तूची आकृती, ते नेहमी पूर्व वर धरून काढीत आले होते. माझा कागद त्यांनी तसाच धरला. पडद्यावर वर उत्तर असते, हे त्यांना माहीत होते. हाताला माहीत नव्हते.

"म्हणजे मी तुम्हाला पंधरा दिवस सुरगाण्याच्या जंगलात उतरवतोय," ते म्हणाले.

धावपट्टी सरळ झाली. पडणे चालू राहिले. माझ्या पत्नीने तोवर सगळे ताडले होते, डोळ्यांचेसुद्धा. ती खेळाबद्दल काही बोलत नसे. फक्त खोलीतला आवाज थांबला की स्वयंपाकघरातून विचारी, "पडलात का?" मी हो म्हणे. मग ती चहा ठेवी.

अशी चार वर्षे गेली. या काळात दोन वेळा विमान धावपट्टीला टेकले आणि उलटले. त्याला उतरणे म्हणत नाहीत. नजर सांगितल्याप्रमाणे आकसत होती. शेजारून येणारी सायकल दिसेनाशी झाली, मग ताटातली डाव्या बाजूची चटणी. बाजारात एक्सपी आली होती आणि गुरुजींकडचे निम्मे लोक ती घेऊन जात होते. मी विचारले तर ते म्हणाले की सिस्टीम उत्तम आहे, पडत नाही, दिसायला देखणी आहे. फक्त तुमच्या धावपट्टीला ती ओळखत नाही. त्यावर आमचे बोलणे संपले.

मुलीचे लग्न झाले आणि पहिल्या दिवाळसणाला जावई आले. प्रशांतराव पुण्यात संगणकाच्याच कामात होते. स्वभावाने प्रेमळ. पाडव्याच्या सकाळी मी दवाखान्यात गेलो असताना सासऱ्यांना काहीतरी भेट द्यावी असे त्यांच्या मनात आले. मी परत आलो तेव्हा पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळे आकाश होते. त्यांनी माझी डिस्क पुसून एक्सपी टाकली होती.

"बाबा, पाच वर्षं जुनी सिस्टीम वापरत होता तुम्ही. आता बघा कसं पळतंय," ते म्हणाले.

पत्नी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. दिवाळसणाच्या जावयाला काय बोलायचे असते? मी म्हणालो, "चांगले केलेत, प्रशांतराव." आम्ही फराळाला बसलो. ते अनारशांची स्तुती करीत होते. मी दोन खाल्ले. चव आठवत नाही.

भाऊबीज झाली, मुले पुण्याला गेली, आणि मी गुरुजींकडे गेलो. त्यांच्याकडे धावपट्टीची प्रत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. ज्या माणसाच्या घरात शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदी जपलेल्या आहेत, तो पाच वर्षांपूर्वीची फाईल हरवणार नाही. गुरुजी ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरला. प्रत नव्हती. कोणाचीच नव्हती. नामावळीची नक्कल काढायची नाही, असा त्यांच्या आजोबांचा दंडक होता. वहीची नक्कल झाली की एका यजमानाला दोन धनी होतात आणि भाऊबंदकी सुरू होते. हा नियम गुरुजींनी यंत्रांनाही लावला होता. लोकांच्या किती गोष्टी त्यामुळे गेल्या असतील, हा विचार त्यांना त्या दिवशी प्रथमच आला असावा. ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेले होते.

मी सांगितले की राहू दे. माझ्या डोळ्यांची सहा वर्षेही संपत आली होती. डॉक्टरांनी दिलेला हिशेब मीच केव्हाचा पाठ करून ठेवला होता.

"राहू कसं देणार?" ते म्हणाले. "अर्ध्यावर सोडायला मी कंत्राटदार आहे का?"

पुढच्या गुरुवारी ते पिशवीत दुसरी डिस्क घेऊन आले. एक्सपी त्यांनी काढली नाही. माणसाने प्रेमाने घातलेला अंगरखा फाडायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या डिस्कवर त्यांनी अठ्ठ्याण्णव टाकली. यंत्र सुरू केले की ते विचारी, कोणती हवी. मुलगी-जावई आले की एक्सपी, ते गेले की अठ्ठ्याण्णव. प्रशांतरावांना हे शेवटपर्यंत कळले नाही; आता वाचून कळेल. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

धावपट्टी आम्ही पुन्हा काढली. आधीचा कागद मी टाकून दिला होता, म्हणून सगळी मापे आठवून सांगितली. एकही चुकले नसावे. या वेळी तीन आठवडे पुरले नाहीत, पाच महिने लागले, कारण मला एका वेळी पडद्याचा पुरीएवढाच भाग दिसत होता. गुरुजींनी धावपट्टीचे दिवे जाड केले, कडा पांढऱ्या केल्या, डोंगर गडद केले. प्रत्येक वेळी ते विचारीत, "आता?" आणि मी खरे ते सांगे. काम पुरे झाल्यावर त्यांनी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक मला दिली, एक स्वतःकडे ठेवली. आजोबांना मनात नमस्कार केला असे म्हणाले.

आणि तेव्हा आम्हाला कळले की आता मला उतरताच येणार नाही. उतरताना नजर धावपट्टीवर ठेवावी लागते आणि त्याच वेळी उंचीचा काटा पाहावा लागतो. माझ्या पुरीएवढ्या नजरेत एकतर धावपट्टी मावत होती, नाहीतर काटा. दोन्ही नाही.

गुरुजींनी स्वयंपाकघरातून खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले की तुम्ही बाहेर बघा, काटा मी वाचतो. तो काटा समुद्रापासूनची उंची दाखवतो आणि ओझर समुद्रापासून बरेच उंच आहे. ती वजाबाकी ते मनात करीत आणि मला जमिनीपासूनचे आकडे सांगत. आवाज संकल्प सांगतानाचा. चढ नाही, उतार नाही. विमान धडकून फुटले तरी तो आवाज बदलत नसे. ते एवढेच म्हणत, "पुन्हा घ्या."

मे महिन्यातला एक गुरुवार होता. दुपारची वेळ, बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. गुरुजी वाचत होते. "आठशे. सहाशे. पाचशे. तीनशे." पांढऱ्या कडा माझ्या नजरेच्या मधोमध होत्या आणि हलत नव्हत्या. "दोनशे. शंभर. पन्नास. यजमान, श्वास सोडा. वीस." मग टायर घासल्याचा आवाज आला. विमान धावले, हळू झाले आणि थांबले. आतून पत्नीने विचारले, "पडलात का?" गुरुजींनी सांगितले, "नाही, वहिनी. पोचले."

ती बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. चहाऐवजी त्या दिवशी तिने शिरा केला.

शिरा खाताना गुरुजी म्हणाले, "आता मला बसवा. मी विमानात कधी बसलो नाही. रामकुंडावरून एक चक्कर मारू. रोज खालून बघतो, एकदा वरून बघू द्या." मी नकार दिला. एकदा मापात आले म्हणजे मापात आहे असे होत नाही. हे मी हाताखालच्या लोकांना आयुष्यभर सांगत आलो होतो. दहा वेळा नीट उतरलो की मग प्रवासी घेईन, असे मी सांगितले. गुरुजींनी ते मनापासून मान्य केले. प्रवाशाला धीर धरावा लागतो, असेही म्हणाले. त्यानंतर प्रत्येक यशस्वी उतरणीनंतर ते बोटावर मोजीत. पडलो तर आकडे वाचण्यात आपलीच काही चूक झाली का, असे विचारीत.

सव्वा वर्षात सात झाल्या.

मग एका गुरुवारी ते आले नाहीत. असे पूर्वी झाले नव्हते. संध्याकाळी निरोप आला. सकाळचे विधी आटोपून घाटाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसले होते. लोकांना वाटले, दम खात आहेत. मी दुसऱ्या दिवशी पत्नीचा हात धरून गेलो. ओसरीवर दोन यंत्रे उघडी पडली होती. पत्र्याचे झाकण कोणीतरी नीट टेकवून ठेवले होते. दहा उतरणींचा नियम माझाच होता. तो मोडायला मला कोणाची सही लागणार नव्हती. हे मला त्या ओसरीवर सुचले. सुचायला उशीर झाला होता.

दोन महिन्यांनी त्यांची पत्नी आमच्याकडे आल्या. मी त्यांना वहिनी म्हणत असे, पण चार वाक्यांपलीकडे आमचे बोलणे कधी झाले नव्हते. गुरुजींच्या पिशवीत निघालेली सीडी परत द्यायला त्या आल्या होत्या. तिच्यावर माझे नाव होते. धावपट्टीची त्यांच्याकडची प्रत. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? आमचे हे दर गुरुवारी इथे येऊन काय दुरुस्त करत होते? इतकी वर्षं एकच मशीन बिघडतंय होय?"

मी म्हणालो की बिघडलेले मशीन नव्हते. ते मला आकडे वाचून दाखवीत. आणि सगळे सांगितले. डोळे, ओझर, सात उतरणी. रामकुंडावरच्या चकरेचेही सांगितले. ते सांगायला वेळ लागला.

त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, आता तीनच राहिल्यात."

मी उठलो, यंत्र सुरू केले आणि अठ्ठ्याण्णव निवडली. गुरुजी गेल्यापासून ते बंद होते. आठवी उतरण झालेली नव्हती. मी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवले.

"पट्टा बांधायचा असतो ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी पदर घट्ट खोचला.

मी काटा कोठे आहे ते दाखवले आणि परत येताना तो वाचायला सांगितला. वजाबाकी मी करीन म्हटले. आम्ही ओझरहून निघालो आणि नाशिककडे वळलो. त्या खेळात नाशिक नव्हते. हिरवा रंग होता आणि गोदावरीच्या जागी एक निळी रेघ होती, बाकी काही नाही. मी विमान खाली घेतले आणि रेघेच्या कडेने नेले. वहिनींनी हात जोडलेले मला दिसले नाहीत. बांगड्या वाजल्या म्हणून कळले.

"आपला बोळ कुठं आला?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "डावीकडे. रेघेला लागूनच."

विमान मी शक्य तेवढे हळू केले. पडद्यावर तिथे काही नाही, हे मला ठाऊक होते.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसलं. ओसरीपण दिसते आहे."

मी आणखी एक फेरी घेतली. मग ओझरकडे वळलो.